माहूरला सोडलेला गहू

कबूल करते, मी तीन रोडगे खाल्ले होते. मोजून तीन. तिसऱ्यावर तर तूप मागून घेतलं. तुला ठाऊक आहेच, तू समोरच बसली होतीस, हातातला घास हातातच धरून. पण आजपर्यंत मी कुणाला सांगितलं नाही की ते रोडगे मी भुकेनं खाल्ले नव्हते, अन् नवसासाठी तर मुळीच नाही. ते मी तुझ्यावरच्या रागानं खाल्ले. अठरा वर्षांची होते. राग तुझ्यावर अन् मार माझ्याच पोटाला, इतकी माझी अक्कल. त्या पोरीला आज कुठं पाहिलं तर मी तिला दारातूनच परत पाठवीन.

आयुष्यभर तुला ‘जाऊबाई, तुमी’ म्हटलं. पासष्टाहून जास्त वर्षं एका घरात काढली, एका चुलीवर, नंतर भिंतीच्या अलीकडं-पलीकडं दोन चुलींवर, पण ‘तुमी’ सुटलं नाही. आज ‘तू’ म्हणते आहे. गेलेल्या माणसाला तू म्हणतात म्हणून नव्हे. फसवणाऱ्याला तुम्ही म्हणवत नाही, म्हणून.

परवा तुझी तेरवी झाली. तुझ्या सुनेनं सारं मनापासून केलं. तू माहूरच्या देवीपुढं गहू सोडलेला, लग्नाआधीपासूनचा तुझा नेम, हे साऱ्या बाभुळगावला माहीत. तेव्हा तिनं ठरवलं की आता नेम फिटला, सासूबाईंच्या नावानं जे पान मांडायचं त्यावर पहिली पुरणपोळी वाढायची. पान मांडलं. वरणभात झाला, वांग्याची भाजी झाली, कढी झाली. ती पोळी ठेवणार, तेवढ्यात महागावहून आलेला तुझा धाकटा भाऊ बळीराम भिंतीला धरून उठला.

“पोळी नको ठेवू वो माय तिच्या पानावर.”

“काहून मामा? नेम तर संपला ना आता.”

“कायचा नेम,” बळीराम म्हणाला. “तिले गहू बाधे. लहानपणापासून. पोळी खाल्ली का आठ दिवस खाटेवर. पोट हे एवढं, हातपाय पऱ्हाटीच्या काड्या. नवव्या दिवशी आपणहून आईले भाकर मागे. लग्न जुळलं तवा आई घाबरली, सासर तर दोन्ही टाइम पोळीवालं. मंग आईनंच तिले माहूरले नेलं अन् देवीसमोर गहू सोडवला. मी होतो ना संग. देवीचं नाव घेतलं का कोणी काई पुसत नाई.”

सगळे हळहळले. तुझी सून तर रडायलाच लागली, म्हणाली, केवढं सहन केलं माझ्या सासूनं. मी पानात भात कालवत होते. कालवतच राहिले. कुणीतरी म्हणालं, कुसुमकाकूंना फार लागलं जाऊबाईचं जाणं. मी म्हटलं, हो, फार लागलं. खोटं नव्हतं ते. फक्त तुझं जाणं नव्हतं लागलं.

अनुसये, तुलाही गहू बाधत होता. तुलाही. अन् मी या घरात ‘भाकरीवाली’ म्हणून म्हातारी झाले, तू ‘देवीवाली’ म्हणून.

आता मी काय करू, भांडायला कुणाकडं जाऊ? तुझ्या खोलीत जाऊन आले, खाट उभी करून ठेवली आहे. तिच्याशी भांडले थोडं. मजा आली नाही.

आठवतं का, मी कशी आले होते या घरात. त्याच वर्षी आपला विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला अन् मी आर्णीहून निघून बाभुळगावात आले. दोघांनाही कुणी विचारलं नव्हतं. नाकात नथ, डोक्यात हवा. सोळाव्या वर्षी मला वाटायचं, दोन्ही वेळ पोळी खाणारं घर मिळालं म्हणजे मी राणी झाले. आमच्याकडं आर्णीला रोजची ज्वारीची भाकर, पोळी सणाला. सणानंतर चार दिवस माझं पोट बिघडायचं तर आई म्हणायची, गोड जास्त खाल्लं कार्टीनं. खरं काय ते तिलाही माहीत नव्हतं, मलाही नाही.

अन् इथं आपल्या सासूचा, आत्याबाईंचा, केवढा तोरा. “आमच्या घरी भाकर गड्यायले करतो,” असं त्या पाहुण्यांना आवर्जून सांगायच्या. घरचा बन्सी गहू, पिवळाधमक, त्याच्या घडीच्या पोळ्या. मी पहिले पंधरा दिवस मारे खाल्ल्या. सोळाव्या दिवसापासून माझं घरातलं ठिकाण ठरलं: परसातला आडोसा. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. वर्ष गेलं, पाळी कधी यायची, कधी यायची नाही. पोटाचा नुसता नगारा. आत्याबाईंना दोनदा वाटलं की दिवस राहिले, दोनदा त्यांनी गल्लीत सांगितलं, दोनदा गॅस निघाला. त्यांचा माझ्यावरचा राग मला आता समजतो.

दुसऱ्या वर्षी त्या माझ्यासमोरच बोलायला लागल्या की ही पोरगी आर्णीला परत घालावी, असलं फुटकं भांडं कुठवर ठेवायचं, दुसरी पाहू. पहिली असताना दुसरी करता येत नाही असा कायदा नुकताच झाला होता म्हणे. पण तो आत्याबाईंपर्यंत पोचला नव्हता, अन् पोचला असता तरी त्यांनी त्याला पाणी देऊन वाटेला लावलं असतं. माझे ‘हे’ म्हणजे तुझा धाकटा दीर, आईपुढं जमिनीकडं बघायचे. गरीब माणूस. जमीन मात्र त्यांनी बारकाईनं पाहिली.

त्या दिवसांत तू मला गोठ्यामागं धरलंस. दंडाला धरलंस आणि डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिलीस, गाय पाहावी तशी.

“किती खेपा झाल्या आज?”

“पाच,” मी म्हटलं.

“पोळी किती खाल्ली?”

“दीड.”

“काल एकादशी होती. काल किती खेपा?”

मी आठवलं. काल भगर होती, शेंगदाण्याची आमटी होती. काल एकही नाही.

“तुले गहू बाधते,” तू म्हणालीस.

“असं कुठं असते का जाऊबाई? गहू तर आजाऱ्यालेबी देतात.”

“असते. माझ्या माहेरी होती एक पोरगी.”

“मंग? काय झालं तिचं?”

“काई नाई. चांगल्या घरी पडली.”

आणि तू शेणाची पाटी उचलून निघून गेलीस. चांगल्या घरी पडली म्हणे. त्याच घराच्या गोठ्यामागं आपण उभ्या होतो. केवढ्या सहज बोललीस. पापणीसुद्धा हलली नाही तुझी, अन् माझी तू ओढून पाहिलीस.

त्या दिवसापासून तू मला जात्यावर बोलवायला लागलीस. तुझं नेमाचं जातं वेगळं. गहू सोडलेल्या बाईचं पीठ गव्हाला लागलेल्या दगडावर चालत नाही, म्हणून आत्याबाईंनी तुला स्वतंत्र जातं दिलं होतं, परसातल्या छपरीत, अन् स्वतः त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. तांबडं फुटताना आपण दोघी समोरासमोर बसायचो, एका खुंट्याला चार हात. बाकीच्या बायका जात्यावर देवाचं गायच्या. आपण आत्याबाईंच्या नकला करायचो. तू त्यांचा शिंकण्याचा आवाज काढायचीस तेव्हा माझ्या हातातून खुंटा सुटायचा. दळण झालं की तू तिथंच तीन दगडांवर तवा टाकायचीस, एक भाकर थापायचीस, अर्धी मला. वर ओल्या मिरचीचा ठेचा, कधी जवसाची चटणी अन् तेल. जीव आल्यासारखं वाटायचं. पण दुपारी पंगतीत आत्याबाई स्वतः वाढायच्या, दोन पोळ्या मोजून, अन् मी खाते की नाही ते पाहत उभ्या राहायच्या. सकाळी तू भरायचीस, दुपारी त्या ओतून द्यायच्या.

म्हणून मी ती गोष्ट काढली. रोडग्यांच्या आदल्या दिवशी, जात्यावर.

“जाऊबाई, मीबी माहूरले जाऊन येते. मीबी गहू सोडते देवीसमोर.”

तू जातं थांबवलंस.

“नको.”

“काहून?”

“एका घरात दोघींनी एकच वस्तू सोडली तर देवीले खरं वाटत नाई.”

“मंग तुमी दुसरं काई सोडा. वांगं सोडा.”

“वांगं मले आवडते.”

“सोडाचं तर आवडीचंच सोडा लागते ना? गहू आवडे ना तुमाले?”

“लय,” तू म्हणालीस. अन् पुन्हा जातं फिरवायला लागलीस, जोरात, एकटीच. माझे हात नुसते खुंट्यासोबत फिरत होते.

हे भांडण आपलं अर्धंच राहिलं. पुढं मी दहादा काढलं, दहादा तू वांग्यावर नेलंस. आज कळतं की देवीला सगळंच ठाऊक होतं, तिला खरं-खोटं वाटायचा प्रश्नच नव्हता. खरं वाटलं नसतं ते आत्याबाईंना. दोन सुना, दोघींचा एकच नेम, अन् त्यातली एक पोटानं आजारी. आत्याबाई शिकलेल्या नव्हत्या, पण खुळ्या नव्हत्या. त्यांनी एका दिवसात दोन अन् दोन चार केले असते. मला दारात जागा करून द्यायची तर तुला आपली थोडी सरकवावी लागली असती. तू सरकली नाहीस, अनुसये. घट्ट बसलीस.

दुसऱ्या दिवशी शेतातल्या मारुतीपुढं रोडगे. नवस आत्याबाईंचा, माझी कूस उजवावी म्हणून. गव्हाच्या जाड्याभरड्या पिठाचे मुठीएवढे गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून फोडायचे अन् तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी. आपल्याकडची रीत अशी की नवस ज्याच्यासाठी, त्यानं पहिला रोडगा सगळ्यांसमोर फोडून खायचा. नाही खाल्ला तर नवस मोडला.

तू मला विहिरीवर गाठलंस.

“आराच्या डाव्या अंगाले पळसाच्या पानात दोन पानगे लावले मी. ज्वारीचे. सारे समजतात, दोन्ही माझ्या नेमाचे हायेत. पान जळून जाते, राखेत सारं सारखंच दिसते. मी काढून देईन तो घे. फोडाचा अन् लगेच तुपात घालाचा. रंग कोणाले दिसणार नाई.”

किती विचार केला होतास तू. अन् मी विचार करत होते तो फक्त वांग्याचा.

माणसं बसली. तू चिमट्यानं पानगा काढून माझ्याकडं सरकवलास. मी त्याच्याकडं पाहिलं, तुझ्याकडं पाहिलं. तू डोक्यावर पदर घेऊन मारुतीकडं तोंड करून बसली होतीस, तुळशीसारखी. तेवढ्यात आत्याबाई शेजारणीला म्हणाल्या, “आमची मोठी पाहा. रोडग्याचा असा वास सुटला अन् तिचं मन हालत नाई. याले म्हणतात भक्ती.”

बस. मी उजव्या अंगाच्या आरात हात घातला, बोटं भाजली, अन् गव्हाचा रोडगा काढला. फोडला. खाल्ला. आत्याबाई खूश झाल्या. दुसरा खाल्ला. तुझा घास हातातच थांबला होता. तिसऱ्याला मी तूप मागितलं, तुझ्याकडंच मागितलं. तू वाढलंस. आधी तू वाटी मागं ओढलीस असं मला वाटतं, पण ते मी आता स्वतःच्या सोयीनं आठवत असेन.

पुढचं सांगायला नको. ढाळ, उलट्या, ग्लानी. पाचव्या दिवशी आर्णीला निरोप गेला की पोरगी घेऊन जा. सातव्या दिवशी माझे बाबा बैलांची दमणी घेऊन दारात. मी आतल्या खोलीत खाटेवर, उठायची ताकद नाही. दार अर्धं लोटलेलं. फटीतून ओसरीचा तुकडा दिसत होता, अन् त्यात तुझी पावलं. फक्त पावलं अन् जोडवी. आवाज मात्र सगळे ऐकू येत होते.

“घेऊन जा तुमची लेक. मारुतीनंबी नाकारली,” आत्याबाई बाबांना म्हणाल्या.

मग तू बोललीस. सासऱ्यांसमोर कधी आवाज न काढलेली तू.

“ती आजारी नाई. तिले गहू बाधते.”

“गहू कोणाले बाधते का वो?” आत्याबाई म्हणाल्या.

“हिले बाधते.”

“अन् तुले कसं समजलं?”

तुझं एक पाऊल दुसऱ्या पावलावर घासत होतं, पोरीला गुरुजींनी प्रश्न विचारल्यावर घासावं तसं. मी खाटेवरून पाहत होते. एकच शब्द पुरला असता तिथं. ‘मलेबी.’ एवढाच. ‘मलेबी बाधते.’ मी त्या घरात एकटी उरले नसते. मला वाटतं, तो तुझ्या ओठांवर आला होता. मला असं वाटायला हवं आहे, म्हणूनही वाटत असेल.

“माझ्या माहेरी होती एक,” तू म्हणालीस. पाऊल थांबलं. “माझ्या नेमाच्या पिठातून मी हिले जेवू घालतो. बैलपोळ्यापावतर थांबा. फरक नाई पडला तर मीच हिले आर्णीले नेऊन घालतो.”

बाबांची दमणी रिकामी परत गेली. बैलपोळ्याला माझ्या बांगड्या मनगटावर थांबल्या. पुढच्या वर्षी माझी लेक झाली. आत्याबाईंनी बारशाला गल्लीभर पेढे वाटले अन् श्रेय मारुतीला दिलं. पण त्याच दिवसापासून मी ‘भाकरीवाली’ झाले. लग्नकार्यात बायका कुजबुजायच्या, “हे पाय, बाभुळगावची भाकरीवाली आली. पोळी पचत नाई म्हणे. गरिबाघरची हाये ना.” अन् तू दिसलीस की त्याच बायका पदर सावरायच्या. “बसा वो बाई, देवीचा नेम हाये तुमचा, तुमच्यासाठी ताजी भाकर टाकतो.” एकच भाकर, एकच तवा. तुझ्या पानात पडली की प्रसाद, माझ्या पानात पडली की गरिबी.

पुढची दहा वर्षं आपण काय जेवलो ते मात्र मी कबूल केलं पाहिजे, नाहीतर मी खोटारडी ठरेन अन् या घरात ती जागा आता भरली आहे. मुंबई राज्याचं महाराष्ट्र झालं त्या वर्षी तू पुरण-भाकर काढलीस. होळीला सगळ्यांना पुरणपोळ्या, अन् आपल्याला ज्वारीची पातळ गरम भाकर, तिच्यावर जायफळ घातलेलं पुरण हातानं पसरलेलं, वर तूप. आत्याबाईंनी एकदा चाखलं अन् हळूच दुसरी मागितली. कण्या, आंबील, लाह्या, गोळाभात, बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा, अंबाडीची भाजी अन् भाकर. तुझ्यामुळं मला कळलं की बाजारच्या हिंगात कणीक मळलेली असते. “माझा नेम मोडते,” म्हणून तू घरातून हिंगच बंद केलास, अन् माझं वरण सुखरूप झालं. सत्यनारायणाचा शिरा तू कपाळाला लावून पदरात बांधायचीस, माझ्याही हातातला घ्यायचीस, घरी जाऊन जेवते म्हणायचीस. तो वासरू खायचं. गावात इतकं देवभक्त वासरू दुसरं नव्हतं.

अन् पंगतीत. यजमानीण तुझ्यासाठी दोन भाकरी घेऊन यायची तेव्हा तू मोठ्यानं म्हणायचीस, “दोनानं काय होते वो? चार आणा. माझी भूक मोठी हाये.” बायका तोंडाला पदर लावून हसायच्या की एवढे उपास करते अन् बसली की खाते कशी बकासुरासारखी. चार यायच्या. दोन माझ्या पानात सरकायच्या, न बोलता, भाजीच्या आडून. तू चाळीस वर्षं खादाड म्हणवून घेतलंस. हेही मी विसरत नाही. पण बाई, खादाड म्हणवून घ्यायला तू तयार होतीस, आजारी म्हणवून घ्यायला नाही. ते मला एकटीला दिलंस.

मी तुझ्या जागी असते तर वेगळं वागले असते का? हे मी स्वतःला कालपासून विचारते आहे. मी तुझ्या जागी असते तर आत्याबाईंकडून पाय धुवून घेतले असते, अन् वर म्हटलं असतं, पाणी जरा गरम करा. म्हणजे मी तुझ्याहून वाईट. म्हणूनच राग जात नाही. चांगल्या माणसाला माफ करणं मला कधी जमलं नाही.

पण आत्याबाई गेल्यानंतर? सासरे गेले, तुझे गेले, माझे गेले, कुणाला घाबरायचं उरलं नाही, तेव्हा? आपण दोघी म्हाताऱ्या, भिंतीच्या दोन बाजूंना, दुपारभर एकमेकींच्या दारात. तेव्हा का नाही सांगितलंस? दोन वर्षांपूर्वी माझ्या पुण्याच्या नातीचं पोट असंच बिघडलं. डॉक्टरनं रक्त तपासलं, नळी घालून आत पाहिलं अन् सांगितलं की गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास आहे, गहू, जव, मैदा, रवा जन्मभर बंद, हे रक्तातून येतं. नात रडत होती, मी हसत होते. माझ्या रोगाला नाव मिळालं म्हणून. मी काठी घेऊन तुझ्या दारात आले, म्हटलं, “जाऊबाई, आयकलं का? नाव सापडलं. ग्लुटेन. खोटं नव्हतं माझं.”

तू तुरीच्या शेंगा सोलत होतीस.

“असं का,” म्हणालीस. मग आणखी एक शेंग सोललीस. “पोरीले म्हण, हिंग पाहून घे.” अन् मग, “तुमच्याकडं नळ आला का आज?”

तेवढंच. तिथंही एक शब्द पुरला असता. आपण दोघी हसलो असतो, दात नसलेल्या तोंडांनी, आत्याबाईंच्या शिंकेची नक्कल करून. तू तेही माझ्याकडून घेतलंस. मी त्या दिवशी घरी जाताना विचार केला होता, जाऊबाईला आता ऐकू कमी येत असेल.

कदाचित तूच त्या नेमावर विश्वास ठेवला असशील. इतकी वर्षं देवीचं म्हणता म्हणता खरंच देवीचं झालं असेल. मला ते कळणार नाही. विचारायला तू नाहीस.

तेरवीच्या संध्याकाळी मी तुझ्या सुनेकडून तुझ्या डब्यातलं नेमाचं पीठ मागून आणलं. गिरणीतून दळून आणलेलं होतं, आता जातं कोण ओढतं. गिरणीतही तू ज्वारीवर ज्वारीच टाकायला लावायचीस, गव्हानंतर टाकू द्यायची नाहीस, पहिलं पीठ बाजूला काढायचीस. मी भाकर थापली. कडा फाटल्या, हात राहिले नाहीत आता. खाता खाता एकदम ते आठवलं, जे इतकी वर्षं मी तुझा टोमणा म्हणून जपून ठेवलं होतं.

रोडग्यांचा दुसरा दिवस. मी खाटेवर वळवळत पडलेली. तू सुंठीचं कोमट पाणी घेऊन आलीस, उशाशी बसलीस. मला वाटलं, आता ही बोलणार, कशी खोड मोडली म्हणणार. मी भिंतीकडं तोंड केलं अन् म्हटलं, “हासा जाऊबाई. तुमाले काय कळते काय होऊन राह्यलं मले ते.”

तू हसली नाहीस. माझ्या पोटावर हात ठेवलास, नेमका जिथं कळ होती तिथं, मी दाखवायच्या आधी. अन् म्हणालीस,

“आठ दिवस जातील. चौथा दिवस लय वाईट असते, त्या दिवशी कोणाशी बोलू नको. मंग नवव्या दिवशी सकाळी भाकरीचा वास येईन अन् भूक लागन. लागतेच. मी तवा टाकून ठेवीन.”